एकसष्टावा दिवस

लॉर्ना हॅटलस्टॅडच्या हातात हिरवी पेन्सिल दिसली नाही तर समजावं, बाई जेवायला गेलीय.

आमचं परदेशी विद्यार्थ्यांचं कार्यालय जुन्या ग्रंथालयाच्या तळघरात आहे. बाहेरच्या खिडकीत मी बसते, आतल्या खोलीत लॉर्ना, आणि आमचे साहेब कर्ट वेसलिंग पलीकडच्या मोठ्या इमारतीत. माझी या खिडकीत सतरा वर्षं झाली, लॉर्नाची आतल्या खोलीत बावीस. मिनेसोटाच्या या सपाट मुलखात, जिथे हिवाळ्यात मोटारीचं दार उघडायला आधी बर्फ फोडावा लागतो, तिथे कुठून कुठून मुलं शिकायला येतात, आणि आली की पहिली लॉर्नासमोर येऊन बसतात.

तिला नियम पाठ होते. शिकत असताना आठवड्याला वीस तास काम, तेही विद्यापीठाच्या आवारातच. बाहेर एक मिनिट नाही. एकदा भोजनगृहात भांडी घासणारा एक मुलगा शनिवारी एकवीस तासांवर गेला, तर ही बाई ॲप्रन घातलेल्या मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"अगं लॉर्ना, एकच तास," तो म्हणाला. "पोरगा आपणहून थांबला. भांड्यांचा ढीग होता."

"मग ढीग तू घास. वीस म्हणजे वीस. उद्या त्याला परत पाठवलं, तर विमानतळावर सोडायला तू जाणार आहेस का?"

नोव्हेंबरात तिच्या चर्चमध्ये मासळीचं मोठं जेवण असतं. मुलं हौसेनं बटाटे सोलायला जातात. तिथेही लॉर्ना दारात. "पोटभर जेवा, डबा भरून न्या. पण कुणी म्हाताऱ्यानं खिशात पाकीट कोंबलं तर माझ्याकडे आणून द्या. बटाटे सोलण्यापायी मला कुणाचा व्हिसा घालवायचा नाही." म्हातारे तिला भ्यायचे. एक जण म्हणाला, "लॉर्ना, पोराला आशीर्वाद दिलेला चालेल का, की त्यालाही परवानगी लागते?" ती म्हणाली, "दे, पण वीस तासांच्या आत."

हिरव्या पेन्सिलीचं मूळ तिच्या पहिल्या वर्षात होतं. एका मुलाच्या अर्जावर एक सही राहिली, अर्ज परत आला, तोवर मुदत संपली आणि मुलगा गेला. तेव्हापासून तिनं ठरवलं की प्रत्येक पान आपण बघायचं, आणि बरोबर असेल तिथे हिरवी खूण करायची. सगळ्या मुलांना ती एकच वाक्य सांगायची, "माझी खूण झाल्याशिवाय काही पाठवायचं नाही, आणि माझ्याशिवाय कुणाकडे जायचं नाही." त्यानंतर तिच्या हातून एकही तारीख चुकली नाही.

पालेसा मोखेले दक्षिण आफ्रिकेला लागून असलेल्या लेसोथोहून आली ती जानेवारीत, उणे वीस तापमानात, अंगावर चित्रांची जाड घोंगडी पांघरून. आम्हाला वाटलं, पोरीकडे कोट नाही. कोट होता, घोंगडीच्या आत. पाण्याची तपासणी हा तिचा विषय. लॉर्नाला ती 'म्मे लॉर्ना' म्हणायची. म्मे म्हणजे आई. तिच्याकडे मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. मला ताई म्हणायची, तो शब्द माझ्याकडूनच शिकलेली. लॉर्नाला स्वतःचं मूल नाही. पहिल्यांदा तिनं ती हाक ऐकली तेव्हा पेन्सिल खाली ठेवून चष्मा पुसत बसली होती.

दोन वर्षांनी, दहा मेला, पालेसाचं शिक्षण संपलं. शिक्षण संपल्यावर इथे एक वर्ष आपल्या विषयातलं काम करायची परवानगी मागता येते. सगळे तिला ओपीटी म्हणतात. त्याचा अर्ज शिक्षण संपल्यापासून साठ दिवसांच्या आत सरकारच्या हाती पडला पाहिजे. त्याआधी विद्यापीठानं संगणकात शिफारस नोंदवायची आणि सहीचा नवा कागद द्यायचा. आमच्याकडे ते करायचा अधिकार दोघांनाच, लॉर्नाला आणि साहेबांना. मला नाही.

पालेसा आली वीस जूनला. लॉर्नानं तिला फैलावर घेतलं.

"इतके दिवस कुठे होतीस?"

"नोकरी मिळाल्याशिवाय परवानगी कशी मागू, म्मे लॉर्ना? काल पत्र आलं. आपल्या जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्यात, विहिरींचं पाणी तपासायचं. त्यांच्याकडे ते मोठं यंत्र आहे. पुस्तकात बघितलंय, हात कधी लावला नाही."

"परवानगी आधी मागायची असते, नोकरी नंतर. दोन वर्षं हेच सांगतेय मी."

"एकच वर्ष पाहिजे मला. हातानं शिकते आणि जाते. आमच्या जिल्ह्यात ते यंत्र येणार आहे, चालवायला कुणी नाही."

लॉर्ना पानं उलटू लागली. फोटोपाशी थांबली. "हा कुणी काढला? मागे भिंतीवर सावली बघ, तुझ्याहून मोठी."

"वर्गातल्या मैत्रिणीनं. मोबाइलवर."

"मैत्रिणीला सांग, तू पाणीच तपास. सोमवारी नवा फोटो आण. मग शिफारस घालते आणि इथेच बसून दोघी मिळून पाठवू. नऊ जुलैपर्यंत वेळ आहे, पण मी कुणाला शेवटच्या दिवसापर्यंत जाऊ देत नाही." तिनं उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नऊ तारखेभोवती हिरवा गोल काढला.

रविवारी लॉर्नाचा नवरा गेला. ओरिन. रोज पाच वाजता तिला न्यायला यायचा आणि पिकअपमध्ये गप्प बसून राहायचा. हॉर्न कधी वाजवला नाही. त्या दिवशी चर्चहून आल्यावर अंगणातली मोडकी खुर्ची दुरुस्त करायला बसला, आणि लॉर्ना कॉफी घेऊन बाहेर आली तर हातोडी गवतात आणि हा त्याच खुर्चीला टेकलेला.

सोमवारी सकाळी पालेसा नवा फोटो घेऊन खिडकीशी आली. मी तिला सांगितलं. तिनं फोटो परत बॅगेत ठेवला, अगदी सावकाश.

"कधी येतील त्या?"

"दहा जुलैला. बुधवारी."

तिचे ओठ हलले. काहीतरी मोजलं तिनं. मग "बरं ताई" म्हणून गेली. मी विचारलं नाही. मी फुलं सांगण्याच्या गडबडीत होते, कुठली पाठवायची, कार्डावर कुणाकुणाची नावं घालायची. इतकं साधं होतं. "तुझं काही तातडीचं आहे का गं?" एवढे चार शब्द तोंडातून निघाले असते, तर तिला पलीकडच्या इमारतीत साहेबांकडे पाठवलं असतं आणि काम तासाभरात झालं असतं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच, बटाट्याची भाजलेली खिचडीवजा डिश आणि कॉफी, इथल्या रिवाजाप्रमाणे. गावानं दुःख करायचं ते हातात कागदी बशी घेऊन, हळू आवाजात, पिकापाण्याच्या गोष्टी बोलत. तळघरात गारवा फार होता. पालेसा आली, तिनं आपली घोंगडी लॉर्नाच्या खांद्यांवर टाकली आणि शेजारच्या खुर्चीवर तीन तास बसली. लॉर्ना मला नंतर म्हणाली, "एवढ्या माणसांत नुसतं शेजारी बसायचं कसं, ते तिला एकटीलाच माहीत होतं."

मी रोज लॉर्नाच्या खोलीत झाडांना पाणी घालायला जात होते. खिडकीतलं जिरेनियम कॅलेंडरच्या अगदी खालीच. तो हिरवा गोल माझ्या डोळ्यांसमोर होता, पंधरा दिवस. वाटलं, दातांच्या डॉक्टरची वेळ असेल.

सहा जुलैला, शनिवारी, मी आणि पालेसा लॉर्नाच्या घरी गेलो. पालेसानं मक्याचा घट्ट सांजा आणि हिरवी भाजी करून आणली होती. मोटारीतून उतरताना तिनं बॅग सीटवरच ठेवली.

"बॅग घेत नाहीस?"

"नको ताई. त्यात माझी कामं आहेत. कामं घेऊन असल्या घरात जात नाहीत."

मला ते आवडलं. मनात म्हटलं, बघा, कुठल्या कुठे वाढलेली पोर, पण वळण आपल्यासारखंच. मी त्या वाक्याचं कौतुकच करत राहिले, त्यातलं काम कुठलं ते विचारलं नाही.

लॉर्ना स्वयंपाकघरात बसली होती. पुढ्यात शेजारणींनी आणलेल्या सात-आठ झाकलेल्या डिशा, एकीलाही चमचा लागलेला नव्हता. पालेसाचा सांजा मात्र तिनं दोन घास खाल्ला.

"तुझं कसं चाललंय, पोरी?"

"ठीक, म्मे लॉर्ना."

"काही अडलंय का? घाई नाही ना कसली?"

पालेसानं वर बघितलं. दाराशेजारच्या खुंटीवर ओरिनची टोपी होती. त्या टोपीकडे बघत ती म्हणाली, "नाही. काही घाई नाही."

"बरं. बुधवारी बघू मग."

बुधवारी मी आठला आले तर पालेसा पायरीवर बसलेली. लॉर्ना आली. ओरिनचीच पिकअप चालवत आली होती, कशीबशी तिरकी लावून. मला म्हणाली, "फुलं सुंदर होती," आणि पालेसाला आत घेऊन गेली. दार उघडंच होतं. पंधरा दिवसांनी त्या खोलीत पेन्सिलीचा आवाज आला आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. मनातल्या मनात मी हात जोडले की बाई कामाला लागली.

"पासपोर्ट. बरोबर. पत्ता. बरोबर. आता फोटो दाखव." जरा वेळ गेला. "वा. सावली नाही. कुणी काढला?"

"त्याच मैत्रिणीनं."

"सुधारली म्हणायची." पानं उलटली. खुणा होत गेल्या. मग लॉर्ना मला हाक मारून म्हणाली, "अगं, आज तारीख किती गं?"

"दहा," मी म्हटलं.

पेन्सिल थांबली.

मी उठून दारात गेले. लॉर्ना वळून भिंतीकडे बघत होती. मग तिनं संगणक उघडला, चष्मा घातला, काढला, परत घातला. शिफारस घालायला गेली. संगणक घेईना. दुसऱ्यांदा घातली. घेईना. पालेसाच्या नावापुढे शिक्षण पूर्ण आणि मुदत संपलेली, एवढंच येत राहिलं.

"तुला नऊ तारीख माहीत होती?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही.

"हो, म्मे लॉर्ना."

"मग शनिवारी का बोलली नाहीस? मी विचारलं तुला. समोर बसून विचारलं."

पालेसाला प्रश्नच कळला नाही असं मला वाटलं. ती म्हणाली, "पण ओरिन गेले होते. आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या घराची सगळी कामं थांबतात. शाळासुद्धा फी भरायला थांबते. सरकारला कळवलं की तुमचे यजमान गेले, तर एक दिवस थांबणार नाहीत का ते?"

"सरकारला ओरिन माहीत नाही, पोरी," लॉर्ना म्हणाली.

"मग साहेबांकडे जायचं होतंस!" मी दारातून बोलून गेले. बोलले आणि जीभ चावली.

पालेसानं माझ्याकडे बघितलं. "त्यांच्या दुःखात त्यांना टाकून दुसऱ्याकडे? त्यांनीच सांगितलं होतं, माझ्याशिवाय कुणाकडे जायचं नाही."

त्या दिवशी लॉर्ना जेवली नाही. शनिवारी मोटारीत ठेवलेल्या बॅगेचं मी तिला सांगितलं. सरकारी फोनवर दोन तास संगीत ऐकत बसली. शेवटी जी बाई बोलली तिनं फार गोड आवाजात तोच नियम वाचून दाखवला, जो लॉर्नाला झोपेतही म्हणता आला असता. दुपारी साहेब स्वतः तळघरात उतरले. क्वचित येतात.

"लॉर्ना, आपल्या पुस्तिकेत छापलेलं आहे," ते म्हणाले. "मुदत पाळणं ही विद्यार्थ्याची जबाबदारी. तुम्ही रजेवर होतात. मला कुणी विचारलं नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी टेबलाकडे.

"तिनं का विचारलं नाही माहितेय, कर्ट? मी बावीस वर्षं शिकवत आले, कुणाकडे जाऊ नका म्हणून. मला वाटायचं, मी मुलांना सांभाळतेय."

"तुम्ही आत्ता दुःखात आहात. असलं काही लिहून देऊ नका. विद्यापीठावर येईल."

"मी विद्यापीठाचं नाव घालत नाही. माझं घालते."

तिनं सरकारला पत्र लिहिलं. दीड पान. चूक माझी, मुलीची नाही, तिनं कागद वेळेत आणले होते, एक फोटो बदलण्यासाठी मी तिला परत पाठवलं. तो जुना फोटोही जोडला. पत्र मला वाचायला दिलं तेव्हा मी म्हटलं, "ही सावली एवढी काही वाईट नव्हती गं." ती म्हणाली, "चालून गेला असता." मग फोटो हातात घेऊन, "नक्की चालला असता."

पत्राचा उपयोग होणार नाही हे ते लिहिणारीलाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. तरी पाठवलं. मी देवाकडे सहसा काही मागत नाही, आहे त्याबद्दल नमस्कार करते. त्या आठवड्यात मागितलं. संध्याकाळी दिवा लावला की ज्योतीभोवती तो हिरवा गोल दिसायचा.

शुक्रवारी लॉर्नानं पालेसाला बोलावून सांगितलं. मला तिचं ते बोलणं विसरता येत नाही, कारण ती नेहमी सगळ्या मुलांशी बोलायची तसंच, शांत, एकेक गोष्ट मोजून बोलली. "या कागदावर तुला इथे आता थांबता येत नाही. लगेच निघालीस तर तुझं नाव स्वच्छ राहील. वाट बघत बसलीस तर डाग लागू शकतो, आणि मग पुढे कधी यायचं म्हटलंस तर तो आडवा येईल. मला तुला ठेवून घ्यावंसं वाटतंय. म्हणूनच जा म्हणतेय."

"पाणीपुरवठ्याच्या लोकांना काय सांगू?"

"मी सांगितलं. ते म्हणाले, आम्ही दुसरं माणूस बघतो."

पालेसा रडली नाही. "चूक माझी पण आहे, म्मे लॉर्ना," म्हणाली. "मी खोटं बोलले. घाई होती."

"मी विचारलंच तसं. 'घाई नाही ना' असं विचारल्यावर कोण हो म्हणेल?"

रविवारी पिकअप वसतिगृहासमोर उभी राहिली. मिनिआपोलिसचा विमानतळ इथून चार तास. त्या दिवसापर्यंत लॉर्नानं ती गाडी गावाबाहेर कधी नेली नव्हती. मी म्हटलं, मी येते सोबत, तर म्हणाली, "नको. मला जाऊ दे. मुकादमाला मीच विचारलं होतं ना, सोडायला कोण जाणार म्हणून." तिनं ती घोंगडी धुऊन, घडी घालून आणली होती. पालेसा म्हणाली, तुम्हीच ठेवा. लॉर्नानं ऐकलं नाही. "तिकडे आत्ता हिवाळा आहे. उतरल्या उतरल्या लागेल." मग तिनं सामान मागे टाकलं, दोरीनं बांधलं, दोनदा ओढून बघितलं. मी बाजूला उभी राहून हात हलवला. पालेसानं काचेतून हात जोडले, माझ्यासारखे. कधी शिकली कोण जाणे.

पत्राला उत्तर आलं ऑगस्टमध्ये. दोन ओळी. लॉर्नानं वाचून फायलीत लावलं. पालेसाचा निरोप त्याआधीच आला होता. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली आहे. बाटल्या धुणं, चिठ्ठ्या लावणं. यंत्र आलं आहे, पण खोक्यातच आहे. चालवायला माणूस बाहेरून येणार. 'तुमची झोप कशी आहे,' असं तिनं लॉर्नाला विचारलं होतं. उत्तर लिहायला लॉर्नाला नऊ दिवस लागले, आणि त्यात तिनं काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

लॉर्नानं निवृत्तीचा अर्ज आणून माझ्या टेबलावर ठेवला होता, साहेबांकडे द्यायला. दोन दिवसांनी परत घेऊन गेली. म्हणाली, "असंच उठून गेले तर ओरिन बरं केलंस म्हणेल, आणि ती पोर काय म्हणेल?" मला त्याचा अर्थ नीट लागला नाही. पण ती राहिली.

ऑगस्टअखेर नवी मुलं आली. दरवर्षीप्रमाणे तळघरात सगळ्यांना एकत्र बसवलं. लॉर्ना पुढे उभी राहिली. हातात पेन्सिल नव्हती. तिच्या खोलीतलं कॅलेंडर आता बाहेर माझ्या खिडकीच्या बाजूला टांगलेलं आहे, आणि सकाळी आल्यावर पुढच्या पंधरा दिवसांतल्या सगळ्या तारखांची यादी मी साहेबांना पाठवते. तो नियम तिनं केला. साहेबांनी सही केली.

वीस तास, आवाराच्या बाहेर एक मिनिट नाही, साठ दिवस, सगळं तिनं सांगितलं. मग जे ती बावीस वर्षं सांगायची त्या वाक्याची पाळी आली, आणि ते तिनं सांगितलं नाही.

"तुमचे कागद मी बघीन," ती म्हणाली. "पण माझी वाट बघायची नाही. मी नसले तर साहेबांकडे जायचं. ते नसले तर त्यांच्या घरी जायचं. माझ्या घरात कुणी गेलेलं असलं, मी काळे कपडे घालून बसलेली असले, तरी दार वाजवायचं. बॅग गाडीत ठेवायची नाही. कागद हातात घेऊन आत यायचं, आणि म्हणायचं, लॉर्ना, घाई आहे."

मुलं हसली. त्यांना वाटलं, म्हातारी विनोदी आहे. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मात्र ते सगळं वहीत उतरवून घेतलं आणि शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारली.